पेन्सिलीतला रुजू अहवाल

"पेन्सिलीवर तेवढं पेन फिरव, लुंबिनी. रिकाम्या घरात आपल्या मनानं काही भरू नको."

दर शुक्रवारी दिवेलागणीला माझे पती आनंदराज एवढंच सांगायचे आणि चौकटींचा कागद माझ्यासमोर सरकवायचे. बारा वर्षं हेच वाक्य. मी म्हणायची, कळलं हो आता. तरी पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

नांदेडच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आमचं शब्दकोडं यायचं. आमचं म्हणते, नाव मात्र त्यांचंच. लातूर-मुरुड एसटीत मांडीवर पुठ्ठा घेऊन ते कोडं रचायचे. आधी काळी घरं, मग शब्द, आणि सगळ्यात शेवटी त्या शब्दांची सूत्रं. सगळं पेन्सिलीनं, कारण एक उभा शब्द हलला की चार आडवे हलतात. घरी आल्यावर मी ते पेनानं गिरवायची. सुरुवातीला मी माझ्या अक्षरात उतरवून काढायची, तर पुरवणीच्या बाईंनी फोनवर विचारलं, सर, कोडं दोघं मिळून करता का? तेव्हापासून मी त्यांच्याच अक्षरावरून हात फिरवायला शिकले. त्यांचा 'र' पायाशी जरा लांब जायचा, 'ज'ची गाठ उघडी राहायची. दोनेक वर्षांत असं झालं की शाई वाळल्यावर त्यांनाही सांगता येत नसे, कुठलं अक्षर त्यांचं आणि कुठलं माझं.

छापताना दैनिकवाले नावाआधी 'प्रा.' लावायचे, त्याची यांना लाज वाटायची. मुरुडच्या एका कॉलेजात ते मराठी शिकवायचे, पण घड्याळी तासिकेवर. तास सुरू असेपर्यंत तुम्ही कॉलेजचे. घंटा झाली की तुम्ही कोण, आम्ही कोण. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत. दर मार्चला पुन्हा मोकळे. अशी चौदा वर्षं गेली. मी घरी पिको-फॉल करायची, मुलगी प्रियदर्शनी शाळेत, आणि सासूबाई सरजाबाई दारात बसून ज्वारी निवडायच्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना वाचता येत नाही, पण कोडं ऐकलं की उत्तर सगळ्यांच्या आधी त्यांचं. एकोणतीस वर्षं त्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात परिचर होत्या. कागदावर अर्धवेळ. सकाळी सातला झाडू हातात घ्यायच्या आणि सांजेला बाळंतिणीचे कपडे धुऊन घरी यायच्या, तरी अर्धवेळ.

सहा वर्षांपूर्वी यांनी एक कोडं रचलं. सगळे शब्द पूर्णवेळ नोकरीचे. एका संध्याकाळी जेवताना त्यातली सूत्रं ऐकवत होते.

"सांग आई. शेवटी 'जा' म्हणते, पण परत यावंच लागतं. दोन अक्षरं."

"रजा," आत्या म्हणाल्या. "मला कधी भेटली न्हाई, म्हणून ध्यानात हाय."

"शेवट गार, तरी चूल त्याच्यावरच पेटते. तीन."

"पगार. पुढं?"

"जेवायला बोलावतात, पानावर बसवत नाहीत. चार."

आत्या थांबल्या. मग मला म्हणाल्या, "हे तुझ्या नवऱ्याचंच काहीतरी हाय, मला न्हाई यायचं."

"अभ्यागत," मी म्हणाले. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर दरवर्षी तेच असायचं, अभ्यागत अधिव्याख्याता.

"बरोबर. आता हे ऐका. आधी 'का?' विचारतात, मग यम येतो. तीन."

मला उत्तर आलं होतं, पण तोंडातून काढवेना. "कायम," मी शेवटी म्हणाले. "बदला ना हे. एवढ्या चांगल्या शब्दात यम कशाला घालता?"

"मी कुठं घातला? तो आधीपासूनच बसलाय तिथं," हे हसले.

उभ्या शब्दांत एक निवृत्ती होता. त्याच्यासमोर सूत्राची ओळ कोरी होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ते राहू दे. आधी लागू तर दे मला. लागल्याशिवाय निवृत्त कसा होऊ?"

कोडं छापायला द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ते रुजू होतील त्या दिवसासाठी ठेवलं होतं. "आणि या वेळी फोटो काढून पाठवायचा नाही. हातानं नेऊन द्यायचं नांदेडला, पेढ्यांसंगं. मला तेव्हा सवड नसणार, मी पूर्णवेळ माणूस असणार. तू नेशील?"

"नेईन."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणाले. प्रियू तेव्हा नऊ वर्षांची होती, तीही ताटावरून ओरडली, "शब्द!"

कागद कपाटाच्या खणात गेला आणि सहा वर्षं तिथंच राहिला.

या पावसाळ्यात यांची ऑर्डर आली. खरीखुरी, पूर्णवेळ, त्यांच्या नावाची. रविवारी संध्याकाळी त्यांनी खणातलं कोडं काढलं, दोन शब्द इकडचे तिकडे केले आणि खाली आपल्या नावाआधी स्वतःच्या हातानं 'प्रा.' लिहिलं. पहिल्यांदाच. "उद्या आलो की गिरवू," म्हणाले. सोमवारी सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं डोकं टेकून, आईच्या पाया पडून निघाले. दुपारी एकला कॉलेजातून फोन आला. दुसरा तास संपवून जिना उतरताना ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. मुरुडच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बोटांना खडू होता. मीच पुसला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजचे हेडक्लार्क रेवणप्पा घरी आले. कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी.

"जय भीम, वैनी."

"शरणार्थी, अण्णा."

आमचा जय भीम त्यांनी घालायचा आणि त्यांचा, लिंगायतांचा, शरणार्थी यांनी, ही त्या दोघांची जुनी गंमत होती. ती आता माझ्याकडं आली.

त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची फाइल काढली, पण उघडली नाही. "वैनी, सर त्या दिवशी साडेधाला आले. ऑर्डर दावली. मी म्हणलं पेढे कुठं हायत, तर म्हणले संध्याकाळी. मी त्यांना रुजू अहवालाचा फॉर्म दिला. आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, एकच फॉर्म हाय सर, शिक्क्याचा, खाडाखोड चालत न्हाई." चहा निवत होता. "ते बोलायला नको व्हतं मी."

"मग काय झालं?"

"काय व्हणार? खिशातून पेन्सिल काढली त्यांनी. आधी पेन्सिलीनं भरतो, तुम्ही तपासा, बरोबर असलं की पेन फिरवतो, म्हणले. मी म्हणलं, सर, हे काय कोडं हाय का? हसले. प्राचार्य नांदेडला मीटिंगला गेलते. फोनवर म्हणले, संध्याकाळी येऊन सही करतो, तवर सरांना तास घेऊ द्या. सर तास घ्यायला गेले."

त्यांनी फाइल उघडली. आत यांचं अक्षर होतं. फिकट, राखाडी. नाव, पद, विषय, ऑर्डरचा नंबर, तारीख. खाली सही, तीही पेन्सिलीत. लांब पायाचा 'र', उघड्या गाठीचा 'ज'. फक्त एका जागी छापील दोन शब्द होते, 'मध्यान्हपूर्व / मध्यान्होत्तर', त्यातला एक खोडायचा होता. तो खोडलेला नव्हता.

"वर फाइल गेली की आधी हाच कागद बघतेत," रेवणप्पा म्हणाले. "हे शाईत असलं तर सर एक दिवस का व्हईना, पूर्णवेळ प्राध्यापक व्हते. मग तुमचा अनुकंपाचा अर्ज बसतो. बी.ए. हाय तुमचं, क्लार्कची जागा खाली हाय. तुम्हीबी पूर्णवेळ. आन् पेन्सिलीत असलं तर सर तासिकेवालेच. तासिकेवाल्याच्या मागं काय राहत न्हाई, वैनी."

"पण ते त्या दिवशी आले होते, अण्णा. तास घेतले. मुलांनी पाहिलं."

"चौदा वर्षं रोजच येत व्हते की. त्या दिवशीबी आले. त्यानं काय सिद्ध व्हतं?"

मी फाइल माझ्याकडं ओढली.

ते खाली बघत म्हणाले, "कोडी तुम्ही गिरवता, सर सांगायचे मला. हेबी गिरवा. खोटं काय हाय त्यात? शब्द त्यांचे, सही त्यांची. आवक वहीत सोमवारच्या तारखेचा एक नंबर मी मोकळा ठेवलाय. परवा फाइल जाणार. उद्या दुपारी येतो."

"आणि हे?" मी न खोडलेल्या शब्दांवर बोट ठेवलं.

"तेवढं एक खोडा. मध्यान्हपूर्व ठेवा."

"त्यांनी का नाही खोडलं?"

"आले ती वेळ धरायची का सही व्हईल ती, कळंना झालं आसल. राहू दिलं."

जाताना दारात थांबून म्हणाले, "कळलं तर नोकरी माझीबी जाईल. पण मी करायलोय. त्या खाडाखोडीच्या वाक्यापायी करायलोय."

ते गेल्यावर आत्यांनी ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं. "गिरव."

"आत्या, सरकारी कागद आहे तो."

"मंग? सरकारनं एकोणतीस वर्सं मला अर्धी बाई म्हणलं, ते खरं व्हतं का? मी अर्धी व्हते का गं? माझ्या हातावर किती लेकरं जल्माला आली, ती काय अर्धी अर्धी आली? कागद आपल्याशी खोटं बोलला तर चालतं, आन् आपण कागदाशी बोललो की तुझं शील मोडतं!"

मी फाइल उचलून फोटोखालच्या फळीवर ठेवली.

"तुझं शील भाकर देतं का तुला?"

"नाही देत."

"मंग?"

"मी मागायला जात नाही त्याच्याकडं."

"लई मऊ बोलती. मऊ बोलून बोलून माझ्या लेकराला दुसऱ्यांदा मारू नको."

प्रियू कोपऱ्यात दहावीची वही पुढं घेऊन बसली होती. तिनं पान उलटलं नाही.

माझ्या रोजच्या नेमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्यामुळं झालं. मी पहाटे पाचला उठते. आंघोळ, मेणबत्ती, उदबत्ती, मग त्रिसरण, पंचशील. वंदना पुरी होईपर्यंत मी कुणाशी एक अक्षर बोलत नाही. लग्नाआधी लोह्याला माहेरी असल्यापासूनचं हे व्रत आहे, कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच घेतलेलं. तापात पाळलं, बाळंतपणात पाळलं. हे चेष्टा करायचे, घर पेटलं तरी ही पाचवं शील संपवून मगच पाणी मागेल. ते गेले त्याच्या दुसऱ्या पहाटेही मी ते मोडलं नाही. घरात वीस पाहुणे होते.

त्या पहाटे मी हात जोडून बसले. डोळे मिटलेले. पहिलं शील म्हणाले, पाणातिपाता वेरमणी. मागं फळीवरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला. दुसरं म्हणाले, अदिन्नादाना वेरमणी. पेनाचं टोपण निघालं, टक् झालं. आमच्या घरात तो आवाज मी हजार वेळा ऐकला आहे, माझ्याच हातचा. मग आत्यांचं कुजबुजणं, "सहीपासून घे. हळू."

प्रियूलाही बापाचं अक्षर येतं. लहानपणी माझ्या शेजारी बसून तीही गिरवायची.

मला तेव्हाच वळून 'थांब' म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. मी तिसरं शील म्हणाले. मग चौथं म्हणाले, मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचा नियम मी ग्रहण करते, आणि माझ्या पाठीमागं कागदावर निब फिरत होती. पाचवंही म्हणाले. तेव्हा कुठं वळले.

"प्रियू."

तिचा हात थांबला. सहीतलं 'आ' काळंभोर झालं होतं. पुढचं 'नंदराज' राखाडीच होतं.

"आजीनं नाही सांगितलं," ती घाईघाईनं म्हणाली. "माझं मीच करत होते."

मी कुजबुज ऐकली होती. पंधरा वर्षांची पोर, आजीला वाचवायला माझ्या तोंडावर खोटं बोलली, आणि तिच्या आवाजात जराही अडखळ नव्हती. मी तिच्या हातातलं पेन घेतलं. रागवावं असं मनात आलं, पण कुठल्या तोंडानं? मी गप्प बसले ते व्रत मोडू नये म्हणून, की माझ्या हातानं नाही ना, मग होऊन जाऊ दे म्हणून, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. अजूनही येत नाही. रोज पहाटे तिथं येऊन अडते.

"एक झालंच हाय," आत्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता, विनवणीचा होता. "बघ बाई. एकच अक्षर काळं राहिलं तर कुणीबी म्हणंल खोटं हाय. सगळं काळं केलंस तर खरं हाय. तूच सांग, कशात शहाणपण हाय?"

शहाणपण कशात होतं ते मलाही दिसत होतं. मी पेन घेऊन कागदासमोर बसले. 'न'च्या डोक्यावर निब टेकवायची आणि पुढं हात आपोआप जाणार, इतकं ते सोपं होतं. दहा मिनिटांचं काम. मी बसून राहिले. बाहेर दूधवाला येऊन गेला. आत्या माझ्या हाताकडं बघत होत्या, प्रियू आत्यांकडं.

मग मी कागदाच्या तळाशी कोरी जागा होती तिथं लिहायला लागले. माझ्या स्वतःच्या अक्षरात. इतक्या वर्षांत ते अक्षर मी किराण्याच्या यादीपलीकडं वापरलं नव्हतं, ते शाळेतल्या मुलीसारखं वाकडं आलं.

"वरील अहवाल माझे पती आनंदराज सोनकांबळे यांनी रुजू होण्याच्या दिवशी स्वतः पेन्सिलीने भरला आहे. सहीचे पहिले अक्षर त्यांच्या मृत्यूनंतर आमच्या घरी, माझ्या समोर शाईने गिरवले गेले. मी वेळेत थांबवले नाही. बाकी सर्व अक्षर त्यांचे आहे. वेळेचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला होता, तो तसाच आहे. लुंबिनी आनंदराज सोनकांबळे."

"काय लिव्हलंस?" आत्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि परसात जाऊन बसल्या. दिवसभर आत आल्या नाहीत.

दुपारी रेवणप्पांनी तो कागद उभ्यानंच वाचला. दोनदा वाचला. मग खुर्चीत बसले.

"वैनी, दार तुम्हीच आतून लावून घेतलं."

"हो."

"हे न्हाई पाठवलं तर? हरवलं म्हणतो. सोमवारी एवढा गोंधळ झाला, हरवूबी शकतं."

"पाठवा, अण्णा. त्यांच्या हातचं आहे ते. त्यांनी भरलंय, ते वर जाऊ द्या."

"आवक नंबर?"

"आज नेताय ना परत? आजचाच टाका."

ते बराच वेळ फाइलीच्या नाड्या बांधत बसले. गाठ नीटच होती, तरी सोडून पुन्हा बांधली. "माझी नोकरी राखली तुम्ही," म्हणाले. "आन् तुमची घालवली." चहा अर्धा तसाच ठेवून गेले. शरणार्थी म्हणायचं मी विसरले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. रेवणप्पांनी स्वतः आणून दिलं, आत आले नाहीत. प्रियूनं वाचलं. 'सदर उमेदवार पूर्णवेळ पदावर विधिवत रुजू झाल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. सबब अनुकंपा नियुक्तीचा प्रश्न उद्भवत नाही.' आत्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "अभिलेख म्हंजी?"

"त्यांच्याकडचे कागद, आजी."

"म्हंजी त्यांच्या कागदात माझं लेकरू त्या दिवशी गेलंच न्हाई."

आत्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. भाकरी वाढली की खायच्या, ताट स्वतः धुवायच्या. मला काही सांगायचं झालं तर प्रियूला सांगायच्या, मी समोर असले तरी. "तुझ्या आईला म्हणावं, पाणी आलंय." मी पिकोचं मशीन जास्त वेळ चालवायला लागले. यांची जागा तासिकेवर भरायचं ठरलंय, हे मला बाजारात त्यांच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं. सांगताना तो खूप संकोचला, म्हणाला, मॅडम, सॉरी. मी म्हणाले, तुझा काय दोष बाबा.

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी दिवेलागणीला, मी खण उघडला.

कोडं होतं तसंच होतं. संध्याकाळची वंदना झाल्यावर मी ते पाटावर घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. टक् झालं तशी प्रियू दचकून वर बघायला लागली.

"ये, बस," मी म्हणाले. "हे आपलं आहे. हे गिरवायचंच आहे."

ती शेजारी बसली. मी गिरवत गेले. आधी काळी घरं, मग आकडे, मग सूत्रं. 'घड्याळाजवळ असते, घड्याळी मास्तरजवळ नसते', हे पूर्णवेळचं. 'बी मातीत … लागतं, माणूस कचेरीत … होतो', हे रुजूचं. प्रियूनं ते ओठातल्या ओठात वाचलं, उत्तर आल्यावर जरा हसली, मग तोंड फिरवून बसली. 'आधी का? विचारतात' इथं माझा हात थांबला. तेही गिरवलं. ते त्यांचं आहे, बदलणारी मी कोण?

निवृत्तीसमोरची ओळ कोरी होती. बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून मलाही सूत्रं सुचायला लागली आहेत. तेव्हाही सुचलं, एक चांगलं सुचलं, त्यांना आवडलं असतं. मी लिहिलं नाही.

"आई, सूत्रच नसेल तर लोक तो शब्द कसा भरतील?"

"आडवे सगळे आले की उभा आपोआप भरतो."

शेवटी नाव उरलं. त्या रविवारी त्यांनी स्वतः लिहिलेलं 'प्रा.' आणि पुढं आनंदराज सोनकांबळे. 'प्रा.'वर निब टेकवताना ते पत्र डोळ्यासमोर आलं. दिसून येत नाही. मी मनात चौथं शील पुन्हा म्हणून पाहिलं, सावकाश, शब्द शब्द. कुठंही अडलं नाही. मी 'प्रा.' गिरवलं, टिंबासकट.

दुसऱ्या दिवशी पहाटे वंदना झाल्यावर मी डबा भरला, प्रियूला सकाळच्या शाळेला पाठवलं, धुतलेली पांढरी साडी नेसले. आत्या नेहमीसारख्या उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. मी कोडं एका फाइलीत घालून आले तरी पाय काढले नाहीत. मी तिथंच उभी राहिले.

"कुठं?" त्या म्हणाल्या. रस्त्याकडं बघत म्हणाल्या, पण प्रियू घरात नव्हती, म्हणजे मलाच.

"नांदेडला. कोडं द्यायला."

"फोटू जात न्हाई का मोबाइलवरून?"

"हातानं नेऊन द्यायचं, म्हणाले होते."

कोपऱ्यावरून एक रिक्षा गेली. आत्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"त्यात रजा हाय का? मी वळखलेली?"

"आहे."

"आन् पगार?"

"तोही आहे."

त्यांनी आणखी एक खडा शोधला. सापडला नसावा. "पेढे घेशील स्टँडवरून," म्हणाल्या, आणि पाय उंबऱ्यातून आत घेतले.

मी चपला घातल्या, फाइल पदराखाली धरली आणि नांदेडच्या गाडीसाठी निघाले.